दर हजारी चार

३ मार्च

चि. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद, त्यातला अर्धा वाटा पोटातल्या पाहुण्याला. वि. वि.

तू धाडलेला तक्ता पोचला. खालच्या शिंपिणीने आपल्या फोनवर मोठा करून दाखवला. माझी पत्रंही तीच फोटो काढून तुला पाठवते, आणि पाठवण्याआधी सगळी वाचते. वर तोंड असं करते की जणू सुईत दोरा ओवत होती. फोनवर बोल म्हणून मला सांगू नकोस. मला ऐकू येत नाही, तुला ओरडावं लागतं, आणि दोघींनाही वाटतं आपलं भांडण झालं.

तर तक्ता. बाळंतपणाला माझ्याकडे ये म्हटलं, त्याचं उत्तर म्हणून तू मला देशांची उतरंड पाठवलीस. तू राहतेस तो देश वरून तिसरा. तिथे जन्मलेल्या हजार बाळांतली वर्षाच्या आत चारच जातात. आपला देश कुठे म्हणून शिंपीण बोट सरकवत राहिली, सरकवत राहिली, शेवटी म्हणाली, आजी, चहा घेऊन परत बसू या का. बरं बाई. तुमच्या कचेरीत जगातले सगळे देश परीक्षेला बसतात आणि तू त्यांचे गुण मांडतेस, तेव्हा तुझंच खरं. पण चौथीत शाळा सुटलेल्या बाईचा एक प्रश्न आहे. पहिल्या आलेल्या शाळेत नापास होणारं पोर नसतंच का? शितावरून भाताची परीक्षा करतात हे मी ऐकलं होतं. तुम्ही अख्ख्या भातावरून एका शिताची करता.

त्या चौघांच्या आयांनाही असाच तक्ता दाखवला असेल कुणीतरी.

लिहायचं नव्हतं, लिहून गेले. खोडत नाही, खोडलेलं शिंपीण उजेडाला धरून वाचते. तुझी आई असती तर ती आली असती तुझ्याकडे. ती गेली, आणि मला जिना उतरायचा तर भिंतीची मनधरणी करावी लागते. सातवा सरत आलाय तुझा. मला धड झोप नाही, म्हणून भांडते. तुझ्या लिफ्टवाल्याला म्हणावं, जगाला वरखाली नेतोस, आता बायकोला दोन महिने एका मजल्यावर बसवून ठेव.

लोभ आहेच. तो वाढवण्यापेक्षा जड उचलू नकोस.

तुझी
आजी


१९ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पडल्या पडल्या लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

काल मुलगी झाली. दोन महिने आधी. जड काही उचललं नव्हतं गं. कचेरीत खुर्चीवर बसले होते आणि खुर्ची ओली झाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने टॅक्सी बोलावली, स्वतःचा कोट माझ्याखाली घातला. त्या कोटाचं काय झालं कोण जाणे.

ती काचेच्या पेटीत आहे. श्वासाला मदत म्हणून नाकात नळी, पायाला वायर. वजन किलोच्या जरा वर. कातडी इतकी पातळ की आतली प्रत्येक शीर दिसते. पेटीला दोन गोल खिडक्या आहेत, त्यांतून हात आत घालता येतो. मी अजून घातलेला नाही.

हा म्हणतो, घाबरू नकोस, इथे हजारी चारच जातात, तूच आजीला सांगत होतीस. आजी, तो आकडा कसा तयार होतो ते मला माहीत आहे. तो सगळ्या बाळांचा मिळून आहे, पूर्ण दिवसांच्या, भरल्या अंगाच्या. हिच्यासारख्यांचा आकडा वेगळ्या तक्त्यात असतो. तो मी तुला पाठवला नव्हता. पाठवणारही नाही.

माझं काम काय, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. मी तक्त्याखाली बारीक अक्षरात टिपा लिहिते. प्रत्येक देशाचं मोजायचं माप वेगळं. काही ठिकाणी एवढंसं बाळ पहिल्या दिवसातच गेलं तर ते जन्मलं असं धरतच नाहीत. मग मेल्यातही धरत नाहीत, आणि त्या देशाचा आकडा देखणा दिसतो. त्याखाली मी लिहिते, तुलना जपून करावी. किती तक्त्यांखाली हे वाक्य लिहिलं असेल, कधी हात अडला नाही. काल काचेपाशी उभी राहिले आणि मनात आलं, ही रात्रीतून गेली तर दुसऱ्या एखाद्या देशात ती झालीच नव्हती असं ठरेल.

पेटीवरच्या कार्डावर नावाच्या जागी 'मुलगी' लिहिलंय. नाव आम्ही ठरवलेलं नाही. घाई नाही.

मला रागव. तू रागावलीस की बरं वाटतं.

लोभ असावा, सध्या जरा जास्तच लागेल.

तुझी
भिंगरी


२२ मार्च

ती. आजींना,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र भिंगरीच्या नकळत लिहितो आहे.

तुमचं रागावण्याचं पत्र आलं त्या दिवशी ती हसली. जेवलीसुद्धा. पण परवा बाळाचा श्वास थांबला. यंत्र बोंबलायला लागलं, नर्स धावत आली, तिने तळपायाला टिचकी मारली आणि श्वास पुन्हा सुरू झाला. ती म्हणाली, इतकी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात, आठवण करून द्यावी लागते. तिला ते रोजचंच आहे. पण हिने सगळं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ही आत पाऊल टाकत नाही.

बाहेरच्या बाकावर बसते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. कुठल्या देशात एवढ्या वजनाची किती वाचतात ते बघत असते. काल म्हणाली, विमानाने दोन तासांवर एक देश आहे, तिथे इथल्यापेक्षा जास्त वाचतात, तिला तिकडे नेऊ या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आता हलवणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे. तर ही त्यांना विचारते, त्या धोक्याचा आकडा आहे का तुमच्याकडे?

नावाचं काढलं की म्हणते, अठ्ठावीस दिवस होऊ देत. तिच्या तक्त्यात पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेलेल्या बाळांचा रकाना वेगळा असतो. ती रेघ ओलांडली की मग नाव. नर्स म्हणते, आईने हात लावावा, बोलावं, बाळाला कळतं. मी बोलतो. पण मी काय बोलणार? आज तिला लिफ्टचा ब्रेक कसा लागतो ते सांगितलं.

लिफ्ट अडकली की माणसं बाहेर काढायचं काम मी करतो. त्यात पहिला नियम असा की आतल्या माणसाशी बोलत राहायचं, नाहीतर घाबरून तो स्वतःच दार उघडायला जातो. इथे मला तेही जमत नाही, कारण आत नेमकं कोण अडकलंय तेच समजत नाही, पेटीतली की बाकावरची.

तुम्ही काहीतरी लिहा. तिला तुमची भीती वाटते. सध्या तिला वाटणाऱ्या सगळ्या भीतींमध्ये तेवढी एकच कामाची आहे.

तुमच्या लोभाची आम्हा तिघांना गरज आहे.

आपला
लिफ्टवाला


२३ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. बाकावरून ऊठ आणि पुढचं उभ्याने वाच. वि. वि.

चुगली कुणी केली ते विचारू नकोस. बायकोची चुगली आजेसासूकडे करायला छाती लागते.

अठ्ठावीस दिवसांची रेघ म्हणे. ती कागदावर कुणी मारली? तुमच्यासारख्यांनीच, मोजायला सोपं पडावं म्हणून. मरणाला काय वाचता येतं, की हा रकाना संपला, आता शेजारच्या दारी जाऊ? आणि दुसऱ्या देशात न्यायचं काय काढलंस? कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तिथे नेलंस तरी तू तिथल्या बाकावर बसशील.

आता एक सांगते. शिंपिणीला बजावलंय की आज न वाचता फोटो काढ. वाचेलच. वाचू दे.

तुला वाटतं मला चार मुलं झाली. पाच झाली. थोरल्याच्या पाठची मुलगी होती, तुझ्या मुलीसारखीच वेळेआधी आलेली. सकाळी झाली आणि दिवेलागणीच्या आत गेली. पेटीबिटी नव्हती. सुईण होती आणि कापूस होता. पुढे शिरगणतीवाला आला. दारात उभं राहून त्याने विचारलं, या बाईला जिवंत जन्मलेली मुलं किती, नंतर गेलेली धरून सांगा. गेलेली धरून, असं स्पष्ट म्हणाला, भला माणूस होता. मी आत चुलीपुढे होते. मी तोंड उघडेपर्यंत सासूबाईंनी उत्तर दिलंसुद्धा. एक, म्हणाल्या. त्याने लिहून घेतलं, पाणी प्याला, शेजारच्या घरी गेला. मी विचारलं, असं का सांगितलंत? तर म्हणाल्या, आली नि गेली, तिला कुठे मोजत बसतेस.

तेव्हाच्या तक्त्यात आपला देश जिथे असेल तिथे असो, खरा त्याच्याही खाली होता. माझी एक त्यात नाहीच. आणखी कुठल्या कुठल्या चुलीपुढे अशा किती राहिल्या ते तू शोध, तुला हौस आहे. त्याची टीप लिही.

रडवायला सांगत नाही. मला तेव्हाही रडायला फार सवड नव्हती, थोरला अंगावर पीत होता. पण ती दिवसभर माझ्या छातीवर होती आणि मी तिला नावाने हाक मारत होते. नाव मीच ठेवलं, कुणाला विचारलं नाही. सुईण म्हणाली, कशाला जीव लावतेस, ही राहायची नाही. म्हटलं, माहीत आहे, तू कापूस दे. हाक मारली की तिचा श्वास जरा खोल जायचा. मला तसं वाटलं असेल, तर वाटू दे.

तुझ्या दारात सासू नाही तुझ्याऐवजी उत्तर द्यायला. तुलाच द्यायचं आहे. ती आली आहे की नाही, ते सांग आधी. आली असेल तर आत जा, हात धू आणि त्या खिडकीतून आत घाल. भीती वाटते म्हणतेस. मग? मला का वाटत नव्हती? ती सोबत ने. भीती गेल्यावर जाईन म्हणशील तर जन्मभर बाक झिजवशील.

लोभ आत गेल्यावर मिळेल.

तुझी
आजी


२५ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. उभ्यानेच वाचलं. व्हरांड्यातून जाणारी एक बाई थांबून मला पाणी देऊन गेली, एवढंसं तोंड झालं होतं माझं.

गेले आत. हात इतका वेळ धुतला की नर्स म्हणाली, अहो, थोडी कातडी राहू द्या. मग खिडकीतून हात घातला. आजी, आत ऊब आहे. बाहेरून ती काच नेहमी गारठलेली वाटायची मला. तळवा तिच्या पाठीवर ठेवला, तर पाठ संपली आणि हात उरला.

डोळे सारखे यंत्रावरच्या आकड्याकडे जात होते. नर्सने सरळ त्यावर एक पंचा टाकला. म्हणाली, यंत्राचा आवाज ऐकायला मी आहे, तुम्ही तिच्याकडे बघा. काल ती दोनदा श्वास घ्यायला विसरली. पहिल्यांदा नर्सने आठवण करून दिली. दुसऱ्यांदा नर्स पलीकडच्या पेटीपाशी होती. मी मारली टिचकी. एकदा मारली, काही झालं नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तिने पाय ओढून घेतला आणि तोंड वाकडं केलं, अगदी तू माझ्या हातचा चहा पिताना करतेस तसं. मग मी जमिनीवरच बसले.

उद्या दुपारी नळी काढून बघणार आहेत. जमलं तर आपलं आपण श्वास घेईल. नाही जमलं तर पुन्हा घालतील, आणि ते चांगलं नसतं म्हणे. डॉक्टरीणबाईंना मी आकडा विचारला नाही. जिभेवर आला होता, जीभ चावली. पण भीती कमी झालेली नाही, आजी. लॅपटॉपपाशी बसले की ती आकड्यांत विखुरलेली तरी असायची. आता सगळी एका जागी असते, माझ्या तळव्याखाली.

एक विचारायचं आहे. मला तिला हाक मारता येत नाही. 'ए मुली' म्हणते, तर शेजारच्या पेटीवरही 'मुलगी'च लिहिलंय. तू तुझ्या तिचं नाव काय ठेवलं होतंस? ते हिला द्यावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. म्हणजे ते कुठेतरी लिहिलं जाईल.

उद्यापुरता तुझा सगळा लोभ इकडे पाठव.

तुझी
भिंगरी


२६ मार्च, सकाळ

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाही. ते नाव मिळणार नाही.

रागावले नाही. तू चांगल्या मनाने मागितलंस, ते कळलं. पण ते दिलेलं आहे. एकीच्या अंगावरचं काढून दुसरीला घालायला नाव म्हणजे काय झबलं आहे? ती ते घेऊन गेली. तेवढंच सामान होतं तिच्याजवळ.

आणि हिला दुसरीचं कशाला? ही हीच आहे. हजारातली नाही, चारातली नाही, माझ्या तिच्या बदल्यातली तर मुळीच नाही. नळी काढायच्या आधी तुम्ही दोघांनी हिचं नाव ठरवा आणि नर्सला सांगून त्या कार्डावर घाला. पहिला श्वास आपला आपण घ्यायचा म्हणजे लहान काम नाही. तेव्हा कानाशी म्हणायला काहीतरी हवं. ब्रेक कसा लागतो ते आज सांगू नको म्हणावं त्याला.

आम्ही इथे खिडकीपाशी बसलो आहोत. आम्ही म्हणजे मी आणि शिंपीण. मशीन बंद करून ती वर आली आहे. तिला म्हटलं, गिऱ्हाइकं जातील. म्हणाली, जाऊ देत. मला धीर द्यायला आली म्हणते आणि माझाच हात धरून बसली आहे. धरू दे.

पुढचं पत्र तुम्हा दोघींना मिळून लिहायचं आहे. कागद काढला आहे. 'चि.' लिहून तुझं नाव घातलं, 'आणि चि.' लिहिलं, आणि पुढे जागा सोडून बसले आहे. लवकर कळव.

तुझी
आजी