सात फुटांचं दाताळं

विहीणबाईंना,

नमस्कार, आणि तुमच्यापेक्षा वयानं थोडी मोठी असल्यामुळे आशीर्वादही. दोन्ही ठेवून घ्या. गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसतं दुखतं म्हणून सांगत बसता? इकडे सगळे ठीक. ह्यांचा खोकला आहे तसा आहे (त्याला आता आम्ही घरातलाच समजतो). तुमचे जावई कामावर जातात आणि येतात. तुमची लेक जेवते, बोलते, राबते. आणि तुमचा ट्रॅक्टर बरा आहे. हे शेवटचं दोनदा वाचा, घोटभर पाणी प्या, मग पुढे चला.

पत्र लिहायची मला सवय नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता, आणि ही गोष्ट मध्ये कुणी बोललं तर माझ्याच्यानं पुरी होणार नाही. मी अजून हादरलेलीच आहे.

आमच्या घरामागची जागा तुम्ही पाहिली आहे. म्हणजे पाहिलेली नाही, कारण ती दिसतच नव्हती. कमरेएवढी काटेरी झुडपं, मध्ये वेली, खाली दगड. साफ करा म्हणून ह्यांच्या मागे लागून मी थकले, तर हे म्हणतात, पाखरं राहतात. पाखरांनी आजवर भाडं दिलेलं मला आठवत नाही. तर तिथे तुमच्या लेकीला रोपवाटिका काढायची आहे. काढू दे, चांगलं आहे. पण जागा व्हायच्या आधीच बाईनं बिया लावल्या, आणि आता घरात माणसांना जागा उरली नाही. पलंगाखाली टोमॅटो, खिडक्यांत वांगी, आणि मागच्या न्हाणीघरात मिरची, कारण तिथे म्हणे ओलावा चांगला. मी आंघोळीला बसले की शे-दीडशे मिरच्या माझ्याकडे बघत असतात. ह्या वयात. ही रोपं वेळेवर जमिनीत गेली नाहीत तर मुळं कोंडून मरतात, हे तिनं एकदा जेवताना सांगितलं, आणि पुढे सहज म्हणाली, इथलं नाही जमलं तर आईच्या कुंपणाला लागून ती मोकळी जागा मिळतेय, आम्ही दोघं तिकडेच राहायला जाऊ. सहज म्हणाली हो. भाजी वाढता वाढता. मी म्हटलं, जा की, कुणी धरलंय. आणि हात धुतल्याबरोबर तुमच्याकडे ट्रॅक्टर मागितला. त्यात काही विशेष अर्थ काढू नका.

ट्रॅक्टर आला, पुढे बकेट, वर तुमचा ड्रायव्हर. आता बकेट ही माती उचलायची वस्तू. ती झुडपात घातली तर झुडूप, माती, दगड सगळं एकत्र ढकलत नेते. संध्याकाळपर्यंत जागा काही साफ झाली नाही, पण एक टेकडी तयार झाली, आणि टेकडीवर चढल्यामुळे झुडपं पहिल्यापेक्षा उंच दिसायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, बकेटीला पुढून दाताळं बसवायला लागतं. माती दातांतून गळते, काटा तेवढा वर येतो. पण माप बघून आणा." आजी म्हणाला ते मी सोडून दिलं. माप बघून आणा हे मात्र झोंबलं. मी काय पहिल्यांदा बाजाराला निघाले होते? दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवला. (काम झालं असं तो तुम्हाला म्हणाला असेल. तसं मीच सांगायला लावलं, त्याला रागावू नका. फार सावकाश चालवतो, मला बघवत नाही.) मग चालवणार कोण, असं तुम्ही विचाराल. थांबा, येतंय ते.

मी आणि हे, आम्ही दोघं दुकानात गेलो. मला वाटत होतं दाताळं म्हणजे दाताळं. झाडू मागितला तर झाडू मिळतो. तिथे बघते तर भिंतीला ओळीनं दाताळी उभी. चार फुटी, पाच फुटी, सहा फुटी, पुढे आणखी. जवळ दातांची, लांब दातांची, सरळ, वाकडी. इतके दात मी एका जागी कधी पाहिले नव्हते. आणि दुकानदाराचे प्रश्न सुरू झाले. बकेटची रुंदी किती? ट्रॅक्टर पुढून वजन किती उचलतो? झुडपांची खोडं बारीक की जाड? जमिनीत दगड आहेत का? मी म्हटलं, दादा, आम्ही दाताळं न्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही. ह्यांनी खिशातून एक सुतळी काढायला सुरुवात केली. (निघण्याआधी बकेट मोजून ठेवली होती म्हणे. मला काय माहीत? खिशात सुतळी घेऊन हे नेहमीच फिरतात.) मी म्हटलं, ती आत ठेवा, लोक बघतात. त्यांनी ठेवली.

आता आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही कुठलीही वस्तू घेताना एक माप वाढवून घेतो. माझी आई तसंच घ्यायची, मीही घेते. बूट वाढत्या पायाचे, कपडे वाढत्या अंगाचे, भांडं वाढत्या घराचं. तुमच्या जावयांचा लग्नातला कोट तसाच शिवला होता. तेव्हा ते वाढायचे थांबून दहा वर्षं झाली होती ही गोष्ट वेगळी. फोटोत त्यांना हात नाहीत, नुसत्या बाह्या आहेत, आणि तुमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या ते मी पाहिलं आहे. पण तो कोट अजून टिकला आहे की नाही? तर मी सरळ भिंतीच्या टोकाला गेले आणि सात फुटी दाताळ्यावर हात ठेवला. दुकानदार म्हणाला, "बाई, हे मोठ्या मशीनचं आहे. तुम्हाला बकेटपेक्षा थोडं कमीच लागेल, जवळ दातांचं." मला धक्काच बसला. दुकानदार असून लहान वस्तू विकायला बघतो, म्हणजे ह्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणार. त्याचं ते लहान दाताळं खपत नसेल. मी म्हटलं, मला हेच हवंय. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे बघितलं.

घरी आणून लावलं. त्याला खाली दोन चिमटे असतात, ते बकेटच्या कडेला आवळायचे आणि वरून साखळी. लागलं व्यवस्थित. फक्त बकेट पाच फूट आणि दाताळं सात फूट, त्यामुळे दोन्ही बाजूंना एक एक फूट बाहेर. हे म्हणाले, जरा रुंद होतंय का? मी म्हटलं, ऐसपैस आहे. तुमची लेक तेव्हा बी आणायला गेली होती. मी वर चढून बसले. होय, मीच. पुरुषांना येतं त्यात अवघड काय असणार, असं मला पहिल्यापासून वाटतं. हे बिचारे आंघोळीला गेले.

पहिला फेरा मारला. दाताळं झुडपांतून गेलं आणि झुडपं जिथल्या तिथे. दात इतके लांब लांब की बारीक खोडं मधून निसटली, जसा टक्कल पडलेल्या माणसानं कंगवा फिरवावा. उलट एक दोन जरा सरळ झाली, नीटनेटकी दिसायला लागली. मला वाटलं, आणखी खाली घालायला पाहिजे. घातलं. कुठल्या तरी जाड मुळाला अडकलं. मी वर उचलायला गेले, तर दाताळं उचलायच्या ऐवजी मीच उचलले गेले. मागची चाकं हवेत, मी आभाळात. तिथून शेजारच्या मास्तरांचं सगळं अंगण दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मास्तर पायाची नखं कापत बसले होते. त्यांनी वर बघितलं, मी खाली बघितलं. ते म्हणाले, "काय, काम काढलंय का?" मी म्हटलं, "हो, थोडंसं." ह्याहून जास्त काय बोलणार त्या उंचीवरून. मग मूळ तुटलं आणि मी जमिनीवर आले. दात माझे वरचे खालचे एकमेकांवर आपटले, अजून खालचा एक हलतो.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मास्तर बघत होते ना. मी ट्रॅक्टर मागे घेतला आणि वळवला. बकेट न्हाणीघराच्या भिंतीपासून चांगली लांब आहे हे मी नीट बघितलं. बकेटच बघितली. बाहेरचा तो एक फूट मी हिशेबात धरलाच नव्हता. शेवटचा दात खिडकीत गेला, मी पुढे निघाले, आणि भिंत माझ्याबरोबर निघाली.

आणि मग आवाज आला. विहीणबाई, इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून मी 'बरं' आणि 'बघू' सोडून काही ऐकलं नव्हतं. तो माणूस ओरडला. तोही माझं नाव घेऊन. माझं नाव ह्यांना माहीत आहे हेच मला ठाऊक नव्हतं, लग्नापासून सगळं 'अगं'वर चाललंय. भिंत पडली त्याचा मला एवढा धक्का बसला नाही. मी इंजिन बंद केलं. धूळ खाली बसली. हे साबण लावून, तांब्या हातात, कमरेला पंचा, मिरच्यांच्या मधोमध उभे. भिंत बाहेर पडली होती, त्यामुळे ह्यांना काही झालं नाही आणि मिरच्यांनाही. दोघं ऊन खात होते. मास्तर कुंपणापाशी आले, बघितलं, आणि शिकलेल्या माणसासारखे काही न बोलता घरात गेले. तोच तुमची लेक फाटकातून आत आली.

तिनं ट्रॅक्टर बघितला. दाताळं बघितलं. सासरा बघितला, लगेच तोंड फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. आता ही बोलणार म्हणून मी पदर खोचून तयार. नेहमी आमची जुंपते, ती एक बोलली की मी दोन. पण ती एवढंच म्हणाली, "आई, बकेट वाढणार होती का?" अगदी हळू. आणि मिरच्यांचे ट्रे एकेक करून सावलीत ठेवायला लागली. काहींची मुळं खालून पांढरी बाहेर आलेली मलाही दिसली. भांडली असती तर बरं होतं. मला वाटलं, झालं, आता ही पेटी भरते आणि तुमच्या कुंपणाला जाऊन बसते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. (वांग्याची रोपं ताटाला लागत होती हेही कारण होतं.)

दुसऱ्या दिवशी सून आणि सासरा, सुतळी घेऊन, दाताळं बदलायला गेले. मला नेलं नाही. दुकानदारानं एका शब्दानं विचारलं नाही. भिंतीवर त्या सात फुटीची जागा त्यानं तशीच मोकळी ठेवली होती म्हणे. हा अपमान मी लक्षात ठेवला आहे. त्यांनी आणलं ते बकेटपेक्षा वीतभर कमी, दात जवळ जवळ, हलकं. दिसायला अगदीच किरकोळ. मी म्हटलं, ह्यानं काय होणार, दाढी? तुमची लेक चढून बसली आणि झुडपं मुळासकट वर आली. माती मधून गळून खाली, चाळणीतून पीठ पडावं तशी. जेवणवेळेपर्यंत अर्धी जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत आमच्या हरवलेल्या दोन बादल्या आणि एक खुर्ची सापडली. उरलेली अर्धी उद्या होईल. जमीन चांगली आहे, काळी. इतकी वर्षं पाखरांनी वापरली.

तर असं आहे. भिंतीला सध्या चादर लावली आहे. सूनबाई अजून जायचं की राहायचं काही बोलत नाही. मीही विचारत नाही, मला काय करायचंय. गुडघ्याला तेल लावा. तुमच्या घरातल्या सगळ्यांना माझं जे काही असेल ते सांगा.

तुमची,
विहीण

ता. क. ट्रॅक्टर बरा आहे असं वर लिहिलं ते खरं आहे. बकेट मी त्यात धरली नव्हती. ते जड दाताळं टोकाला अडकलं तेव्हा बकेटची उजवी कड वाकली. मिस्त्रीनं ठोकून बरीच सरळ केली आहे, पण समोरून बघितलं तर एका बाजूनं हसल्यासारखी दिसते. समोरून बघू नका.

ता. क. २ पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तुमच्या कुंपणालगतची ती मोकळी जागा तुमच्या दिराची आहे ना? तिथे आत्ताच्या आत्ता काहीतरी लावून टाका. भोपळा लावा. भोपळा एकदा पसरला की त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. लेक विचारील तर सांगा, जागा गेली. कारण विचारू नका. आमच्या घरात हे 'बरं' म्हणतात, तुमचे जावई 'आई म्हणेल तसं' म्हणतात. ती गेली तर मी दिवसभर भिंतीशी बोलायचं का, आणि भिंतही आता एक कमी आहे.

ता. क. ३ पाकीट मागायला तिच्याकडे गेले आणि न राहवून विचारलं, तिकडे कधी जाताय? ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, आईच्या शेजारी. तर म्हणते, त्या काकांना तर मी केव्हाच नाही म्हणून सांगितलं, ट्रॅक्टर यायच्याही आधी. आईला माहितीय. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? तर रोपांना पाणी घालता घालता, सहज, म्हणाली, "तुम्ही इतक्या जोरात कामाला लागला होता, म्हटलं, होऊ दे साफ."

आणि विहीणबाई, तुम्हाला माहीत होतं. माहीत असून ट्रॅक्टर पाठवलात, वर डिझेल भरून. लेक अगदी आईवर गेली आहे असं मी लग्नात चारचौघांत म्हणाले होते, ते तेव्हा कौतुक नव्हतं. आता आहे.

भोपळा मात्र लावाच.