मचाणापर्यंत जाणारी तीनचाकी

६ सप्टेंबर
शिकारीच्या कॅम्पची बैठक. ओनीकाका या वर्षी रांधणार नाही. मुलीकडे फ्लोरिडाला चालला, तिथे बर्फ पडत नाही म्हणे. बर्फच नाही तर हरणाचा माग काढायचा कसा? अर्थात काका कित्येक वर्षांत शेगडी सोडून बाहेर पडलेला नाही, त्याला काय फरक पडतो.

मग प्रश्न आला, शेगडी कोणाच्या गळ्यात. यूजीन, म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, म्हणाला की नियम जुनाच: पंधरा नोव्हेंबरला, सीझनच्या पहिल्या सकाळी, ज्याला आपल्या मचाणावर जाऊन बसता येणार नाही, तो आचारी. सगळ्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. माझा गुडघा उत्तम आहे. फक्त चढावर कुरकुरतो. आणि उतारावर.

माझं मचाण टेकाडावर आहे, वडिलांनी बांधलेलं. त्याच्या तोडीचं दुसरं या तालुक्यात नाही. गेल्या वर्षी तिथे पोचायला मला दुपार झाली, पण ती बर्फामुळे. बाकीचेही त्याच बर्फातून पहाटे पोचले, पण त्यांची मचाणं सपाटीवर आहेत. मी सोडलं तर ते माझ्या मुलीकडे, मेरिटकडे जाईल. पोरगी गुणी आहे, नेम पक्का आहे, पण अजून खूप शिकायचंय तिला.

ठराव: वाहन घेणे.

८ सप्टेंबर
तीनचाकी घेणार, रानात चालवायची, मोटारसायकलसारखी वर बसायची. यूजीनकडे त्याच जातीची चारचाकी आहे, छपराची, काचेची, बसायची जागासुद्धा गरम होते. मांडी घालून शिकार करा आणि वर पापड भाजून घ्या. चौथं चाक हे ज्यांना तोल सांभाळता येत नाही त्यांच्यासाठी असतं.

तीनचाक्या नव्या मिळेनाशा होऊन जमाना लोटला. लोक उलटून पडायला लागले म्हणून बंद केल्या. पडणारे पडले, शिक्षा आम्हाला. तेव्हा जुनीच शोधावी लागणार.

डोरीनला सांगितलं. बायको म्हणून तिला सांगणं माझं कर्तव्य होतं, विचारणं नव्हे. ती म्हणाली, आर्वो, डॉक्टर गुडघा बदलून देतो म्हणतोय, तर तू वाहन बदलायला निघालास. मी म्हणालो, बदलत नाही, नवं घेतोय. ती म्हणाली, मग गुडघाही घे, दोन्ही एकदमच आण.

१४ सप्टेंबर
तीनचाकी निवडण्याचे माझे निकष. रिव्हर्स गिअर हवा. मागे सामानाला रॅक हवा. साखळी नको, चिखलात ती गळा काढते. बटणावर सुरू व्हायला हवी. दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची ताकद आहे माझ्यात, पण वेळ वाचतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बघायला जाऊ तेव्हा इंजिन गार असलं पाहिजे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर खुशाल समजावं की गार असताना ते सुरू होत नाही. हे यूजीनलाही ऐकवलं. तो म्हणाला, एवढं कळतं तर तीनचाकी घेतोस कशाला? पोटदुखी, दुसरं काय.

२० सप्टेंबर
पहिली तीनचाकी पाहिली, एका शाळामास्तराची. हात लावून पाहिला, इंजिन गरम. म्हणे मुलगा आत्ताच फिरवून आला. सगळ्यांचा मुलगा आत्ताच फिरवून आलेला असतो. शिवाय गाडीला स्प्रिंगाच नाहीत. मास्तर म्हणाला, टायर फुगरे आहेत, तेच स्प्रिंगचं काम करतात. शाळेत पोरांना हेच शिकवत असणार.

२७ सप्टेंबर
हिल्मा नावाच्या म्हातारीकडे गेलो. नवरा वारला, त्याची तीनचाकी खोपटात आहे. रिव्हर्स आहे, रॅक आहे, बटण आहे, साखळी नाही. इंजिन गार, आणि बटण दाबताच सुरू. मनात उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा दगडाचा ठेवला. भाव करायचा तर तसाच ठेवावा लागतो.

म्हातारी म्हणाली, आधी अंगणात एक फेरी मार, आणि काही झालं तरी पाय खाली टेकवू नकोस. मोटारसायकलवाले सवयीने टेकवतात आणि मागचं चाक त्यांच्याच पायावर चढतं. मी म्हणालो, बाई, मला शिकवू नका. वळणावर पाय टेकला. सवयीने नाही, बूट जड होता. चाक पोटरीवर आलं.

तिने येऊन किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, तुला नाही विकणार. का, तर म्हणे, माझा नवरा असाच लंगडत घरी यायचा, तेव्हा त्याला धरायला मी होते. तुझ्या बायकोला मी ओळखत नाही, पण तिचं वाईट कशाला चिंतू? मग आत बसवून कॉफी दिली आणि वेलदोड्याचा गोड पाव दिला. पाव चांगला होता.

बाई चक्रम आहे. आणि गाडीतही खोट असणार, नाहीतर इतकी घट्ट धरून कोण ठेवतो?

४ ऑक्टोबर
घेतली!

तळ्याकाठच्या डेल नावाच्या माणसाकडून. ताजा लाल रंग दिलेला, इतक्या मनापासून की टायरवरही थोडा गेलाय. मला पाहताच म्हणाला, जाणकार माणूस चालीवरून ओळखू येतो. मी तेव्हा लंगडत होतो, पण तसं त्याला वाटलं नाही. इंजिन गरम होतं. थंडी पाहून त्याने माझ्यासाठी मुद्दाम तापवून ठेवलं होतं. इतका विचार करणारी माणसं आता राहिली नाहीत.

रिव्हर्स नाही. मी मागे जाणाऱ्यांतला नाहीच. बटण नाही, दोरी आहे. व्यायाम होईल. साखळी आहे, पण नवीन आहे असं डेल म्हणाला. रॅक मात्र दणकट आहे. हिल्माबाईला दाखवायला हवी.

५ ऑक्टोबर
सुरू झाली नाही. हवा दमट आहे.

६ ऑक्टोबर
सुरू झाली नाही. हवा फार कोरडी आहे.

९ ऑक्टोबर
मेरिट आली, कार्बोरेटर खोलला, त्यातला चिकटा काढला, परत बसवला. मी बॅटरी धरून उभा होतो. उजेडाशिवाय काही झालं नसतं. मग सुरू झाली. धूर निळा येतो. मेरिट म्हणाली, बाबा, ही तेल पिते. मी म्हणालो, काम करणाऱ्याला भूक लागतेच.

१२ ऑक्टोबर
शेतावर पहिला दिवस. मागे ट्रेलर जोडून बटाट्याची पोती आणायला निघालो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, दोन्ही सारखीच फिरतात, त्यामुळे गाडीला वळायचं मनातच नसतं. वळताना अंगाचा भार पलीकडच्या पायावर टाकावा लागतो. पलीकडचा पाय म्हणजे नेमका तोच गुडघा. मी टाकला असता, पण तोवर कोंबड्यांचं खुराडं आलं.

डोरीन म्हणाली, आता आठवडाभर अंडं मिळायचं नाही. मी म्हणालो, थंडी पडली की त्या थांबतातच. ती म्हणाली, त्यांचं राहू दे, तू कधी थांबणार ते सांग.

सरळ जाण्यात मात्र या गाडीचा हात कोणी धरणार नाही.

१८ ऑक्टोबर
यूजीनकडे सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला गेलो. सगळे जमले होते, उघडेबंब, लाल, आणि विषय एकच. यूजीन म्हणाला, तीन पायांचं जनावर बाजारात कोणी फुकटही नेत नाही, आमच्या आर्वोने पैसे मोजून आणलं. दुसरा म्हणाला, कोंबड्यांना विचारा, त्यांनी जवळून पाहिलंय. हसून हसून एकाचा बाकावरून तोल गेला. चारचाकीवाला होता.

माझी टर उडवल्याशिवाय या लोकांना घाम येत नाही. मी कधी कोणाची टर उडवली नाही. यूजीनच्या गाडीबद्दल पापडाचं जे बोललो ते खरं होतं म्हणून बोललो.

कपडे घालताना तो हळूच जवळ आला. म्हणाला, पंधराला अंधारात मी तुला माझ्या गाडीतून टेकाडावर सोडतो, कोणाला कळणार नाही. मी म्हणालो, मला कळेल. दिव्याच्या उजेडात तो एकदम त्याच्या बहिणीसारखा दिसला आणि मला रागच आला त्याचा.

१ नोव्हेंबर
टेकाडावर जायची रंगीत तालीम केली. रॅकवर खुर्ची, गॅसची शेगडी, खाऊचा डबा आणि गोधडी बांधली. चढ सुरू झाला आणि पुढचं चाक उचललं गेलं. आधी आकाश दिसलं. मग गाडी दिसली, खालच्या बाजूने.

दोष उताराचा. मुद्दाम तिरका आहे.

गाडी अंगावरून मेरिटने काढली. ती खळ्यापासून माझ्या मागे चालत आली होती, न सांगता. याला हेरगिरी म्हणतात. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, ओरड हवं तेवढं, पण आधी पाय हलवून दाखव. पाय हलला, पण गुडघा फुगला होता. म्हणाली, बाबा, मचाण माझ्याकडे येईल याची भीती आहे का तुला? मला नकोय ते. तू तिथे बसत नसशील तर मला त्यात काही गंमत नाही. मी म्हणालो, असा प्रश्नच येत नाही, मी तिथे बसणार आहे.

डोरीनला सांगितलं, सौनाच्या पायरीवर घसरलो. तिने बर्फाची पिशवी आणून दिली.

ठराव: सामान कमी, भार पुढे.

१४ नोव्हेंबर
कॅम्पवर आलो. सामानात फक्त बंदूक आणि कॉफी. यूजीनने शेगडी पुसून ठेवली आहे, बीन्स भिजत घातले आहेत. कोणासाठी, ते बोलला नाही. भिजवा खुशाल. उद्या सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

१५ नोव्हेंबर
पहिल्या दोरीला सुरू झाली. पहिल्याच. सगळे बघत होते.

ओढा ओलांडला. पोटाने टाकीला बिलगून चढ चढलो, पुढचं चाक जमिनीवरच राहिलं. एकदाही पाय टेकवला नाही. उजाडायच्या आत मी मचाणाखाली उभा होतो. गाडीने शब्द पाळला. सबंध मिशिगनमध्ये माझ्याइतकी चांगली तीनचाकी कोणी निवडली नसेल.

मग शिडी.

वडिलांनी झाडाला ठोकलेली, फळ्यांची, सरळ वर जाणारी. शिडीचा विचार मी केलाच नव्हता. रिव्हर्सचा केला, रॅकचा केला, साखळीचा केला. पहिल्या फळीवर पाय ठेवला, गुडघ्यावर भार टाकला, आणि गुडघा नाही म्हणाला. दुसऱ्या पायाने पाहिलं. हातांनी ओढून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मागे मेरिट उभी होती, आपल्या खालच्या मचाणाकडे जायचं सोडून.

ती म्हणाली, मी खालून ढकलते. माझ्या वडिलांच्या मचाणावर मुलीने ढकलून मी चढायचं. मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, मेरिट, माझ्याने होत नाही. हे मी मोठ्याने बोललो, इथे लिहून ठेवतो. ती म्हणाली, मग आपण दोघं खालीच बसू. मी म्हणालो, पहिल्या दिवशी हे मचाण कधी रिकामं राहिलेलं नाही, चढ, उजाडतंय. तिने बंदूक पाठीला अडकवली. मग चढली. खारीसारखी चढली.

उतारावर गाडी लोटत, तिलाच धरत परत आलो. शेगडी पेटवली. बीन्स चढवले.

उजाडल्यावर थोड्याच वेळात टेकाडावरून एक गोळी ऐकू आली. दुसरीची वाट पाहत दारात उभा राहिलो. दुसरी आली नाही. माझ्या मुलीला एकच पुरली. मला इतका आनंद झाला की तिथेच उभा राहून रडलो, आणि तेवढ्यात बीन्स खाली लागले.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मोठा नर आहे, शिंगं पाहण्यासारखी. मी तयारीत होतो. तीनचाकीवर बोलतील, शिडीवर बोलतील, गुडघ्यावर बोलतील. उत्तरंही ठरवून ठेवली होती. कोणी काही बोललं नाही. यूजीनने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, आर्वो, बीन्स फक्कड झालेत. मेरिट म्हणाली, खरंच बाबा, छान झालेत. एकेकाने ताट ठेवताना आभार मानले.

बीन्सचा पार कोळसा झाला होता. पण कॅम्पचा नियम आहे, जेवणाला जो नावं ठेवील त्याने दुसऱ्या दिवसापासून रांधायचं.

ओनीकाकाला मीही दर वर्षी सांगायचो, फक्कड झालेत म्हणून.