नगरच्या कॅम्पातली चिनी विमानं

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्तमानपत्रात चीनच्या विमानांची बातमी आली की ती मी तुमच्या आवाजात वाचते. हवाई दलातून निवृत्त झालेले तुम्ही, पुण्याहून रशियन शिकून आलेली मी आणि दोन अधिकारी, एवढंच आपलं अभ्यास केंद्र. नगरच्या कॅम्पात, कडुनिंबाच्या सावलीतल्या कौलारू बराकीत. चीनची बरीचशी विमानं रशियन विमानांवर बेतलेली, म्हणून रशियन मासिकं वाचून त्यांचा अंदाज बांधायचा, हे आपलं काम. पहिल्याच महिन्यात माझ्या भाषांतरावर तुम्ही पेन्सिल आपटली होती. "बाई, मूळ वाक्यात 'उडू शकेल' आहे. तुम्ही 'उडते' लिहिलंय. या एका शब्दावर उद्या कुणी पलटण हलवेल." मी बराकीमागे जाऊन रडले. परत आले तर टेबलावर कागदात बांधलेले भाजलेले शेंगदाणे ठेवलेले, आणि तुम्ही मान खाली घालून वाचण्यात गढलेले.

मग राहात्याहून वडिलांचा निरोप आला: नोकरी सोड, घरी ये. पोरगी मिलिटरीत नेमकं करते काय, असं गावात जो तो विचारत होता, आणि मला तर काहीच सांगायची मुभा नव्हती. मी राजीनामा लिहिला. तो तुम्ही वाचलात, घडी करून खिशात घातलात आणि रविवारी माझ्याबरोबर एसटीत बसलात. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तुम्ही मांडी घालून बसला आहात, आई चुलीवरची भाकरी तुमच्या ताटात टाकते आहे, आणि वडील विचारताहेत, "सायेब, पोरगी तिथं करती काय, तेवढं सांगा. लोक इचारत्यात."

"वाचते," तुम्ही म्हणालात.

"वाचायचा पगार देत्यात?"

"व्हय. लई चांगलं वाचती ती." ऑफिसात शुद्ध बोलणारे तुम्ही एकदम तुमच्या, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या बोलीत उतरलात. मी बघतच राहिले.

आईनं आतून विचारलं, "हातात बंदूक तर न्हाई ना देत तिच्या?"

"न्हाई माय, डिक्शनरी देतो. बंदुकीपरास जड हाय ती."

वडील हसले. मी कामाला लागल्यापासून ते हसल्याचं मी पाहिलं नव्हतं. निघताना ते तुम्हाला म्हणाले, "तुमच्या भरवशावर ठेवतो," आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या न्हाई, तिच्या."

त्याच वर्षाअखेर पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर युद्ध पेटायची चिन्हं होती. दिल्लीहून एक मोठे साहेब आले. त्यांचा प्रश्न एकच: आपण तिकडे गुंतलो तर चीनची विमानं तिबेटातून येतील का? तुम्ही शांतपणे सांगितलंत, "त्यांची विमानं काय करू शकतात ते आम्ही सांगू. ते काय करतील, हे सांगणारं पुस्तक आमच्याकडे नाही." साहेब वैतागले. "हाँ या ना?" म्हणत ते माझ्याकडे वळले. तुम्ही माझ्या वतीनं बोलाल असं मला वाटलं, पण तुम्ही 'बोला' अशी नुसती मान हलवलीत. मी उभी राहिले. म्हणाले, त्या पठारावर हवा विरळ आहे, तिथून पुरं ओझं घेऊन उडणं अवघड दिसतं. पण नव्या धावपट्ट्यांची माहिती आमच्याकडे नाही, म्हणून ठाम सांगता येणार नाही. "मग तुमचं हे ऑफिस हवंय कशाला?" असं म्हणून साहेब निघून गेले. जीपची धूळ खाली बसेपर्यंत आपण व्हरांड्यात उभे होतो.

"घाबरलीस?"

"हो, सर."

"मीपण," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून तुम्ही मला कधी 'बाई' म्हणाला नाहीत.

अहवालातला एकही शब्द तुम्ही बदलला नाहीत. युद्ध झालं, संपलं. ती विमानं आली नाहीत. आपलं बरोबर ठरलं असंही म्हणता येईना, कारण आपण 'येणार नाहीत' असं म्हटलंच नव्हतं. पुढं केंद्र बंद झालं, तुम्हाला मुदतवाढ मिळाली नाही आणि तुम्ही अकोल्याला भातशेती करायला गेलात. मी शेवटचं भेटायला आले तेव्हा तुम्ही गुडघाभर चिखलात उभे होतात, आणि ऑफिसात कधी दिसला नव्हतात इतके खूश दिसत होतात. मी पुण्याला रशियन शिकवायला लागले ती तुमच्याच शिफारशीवर, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते राहील माझ्याच कपाटात. पण एक सांगून टाकते, सर. गेल्या वर्षी, या वयात, मी पहिल्यांदा विमानात बसले. पंख, इंजिन, धावपट्टी, सगळं पाठ. आणि चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी डोळे गच्च मिटून शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता.