आईसाठी नाही

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. वसतिगृहातलं जेवण ठीक असतं, खोकलाही गेला. तुम्ही वेळेवर जेवता ना?

दर पत्रात ‘आईसाठी तरी रसायनशास्त्राचा अभ्यास कर’ असं लिहिणं आता थांबवा. आई गेली म्हणून तो विषय मला गोड लागणार नाही. इथल्या बाईही डोक्यावरून हात फिरवून म्हणतात, ‘आईचं नाव काढ हो.’ मला त्यांचा राग येतो. तुमचाही येतो.

तरी काल पुस्तक उघडलं. का, ते सांगते. आई दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टर चालता चालता म्हणाले, ‘पोटॅशियम वाढलंय.’ तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणालात आणि बाहेर येऊन आत्याला फोन केलात, ‘वाढलंय म्हणतात, आता उतार पडेल.’ मीही खूश झाले. रक्तात ते वाढलं की हृदय बंद पडू शकतं, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी आई गेली. आपल्याला काही कळलं नाही, हे त्या माणसाला दिसत होतं. तरी तो थांबला नाही.

धडा रटाळच आहे. पण यापुढे असं कुणी बोललं, तर मी त्याला जाऊ देणार नाही.

तुमची रक्ततपासणी राहिली आहे. ती करून घ्या आणि रिपोर्ट आधी मला पाठवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
धाकटी