पप्पांची रात्र

पप्पा, गेल्या महिन्यात मी कंपनीच्या भरल्या कँटीनमध्ये, रात्रपाळीच्या कामगारांसमोर, तुमच्या झोपेबद्दल बोलले. तुम्हाला ते आवडलं असतं की नाही, याची धाकधूक अजून आहे. मी आता आपल्या गावाजवळ, सुप्यातच, त्या कंपनीच्या कारखान्यातल्या दवाखान्यात नर्स आहे. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की आजही वाटतं, आपलं काहीतरी चुकणार. तरी बोलले, कारण तुम्हाला चिकटलेला 'आळशी' हा शब्द मला पुसायचा होता.

तुम्ही रात्रपाळी करून यायचात तेव्हा ऊन अंगणात उतरलेलं असायचं. थेट आडवं व्हायचं सोडून तुम्ही चहाचा कप घेऊन ओट्यावर उन्हात बसायचात, गल्लीला दिसेल असं. दिवसा झोपणारा माणूस आळशी, हे सगळ्यात जास्त तुम्हीच मानत होतात. मग दार सताड उघडं ठेवून पडायचात, कारण दिवसा दार लावलं की लोकांना वाटतं घरात कुणी आजारी आहे. तोंडावर उजेड, आणि तुम्ही नुसते या कुशीवरून त्या कुशीवर. रविवारी चर्चमध्ये मात्र उपदेश सुरू झाला की तुमची मान खाली आणि आईचा चिमटा. शेजारच्या काकू जाता-येता म्हणायच्या, "आमची म्हैस बरी, ती बी एवढी लोळत न्हाई!" तुम्ही हसायचात. मला ते हसणं आवडायचं नाही.

मी सहावीत असेन. डालग्यावर पोतं टाकलं की भर दुपारीही खालच्या कोंबड्या गप्प होतात, हे मी पाहिलं होतं. सुट्टीच्या एका दिवशी मी आपल्या खिडकीला गोधडी बांधली, दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसले. तुम्ही झोपलात, खरंच झोपलात. काकू धावत आल्या. "अगं, दार का लावलंय? कोन आजारी हाय?" मी म्हणाले, "कोनी न्हाई. पप्पांची रात्र हाय." त्या आवाजाने तुम्ही उठलात आणि माझ्यावरच ओरडलात, "दार उघड आधी! मानसं काय म्हनत्याल?" मी दिवसभर रडले. मग बाजारातून तुम्ही मला रिबिनी आणल्यात. त्याच पिशवीत दाराला आतून लावायची नवी कडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर न बसता सरळ आत येता, टोपी खुंटीला अडकवता आणि म्हणता, "पोरी, लाव माझी रात्र." त्यानंतर शाळेला निघण्याआधी गोधडी बांधायचं काम माझं. चर्चमध्ये तुम्ही पाळकसाहेबांनाही सांगितलंत, "आमची पोरगी मला रात्र करून देती." तेव्हाची तुमची ताठ मान मला अजून दिसते.

पुढे शिकताना कळलं की डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड मेंदूला सांगतो, दिवस उगवला. शरीराचं घड्याळ त्याचं ऐकतं, पाळीच्या वेळापत्रकाचं नाही. खोलीत अंधार केला म्हणून ते घड्याळ पुरतं उलटत नाही. झोपेला आधार मात्र मिळतो. कँटीनमध्ये मी हेच सांगितलं, एकेक वाक्य पुन्हा पुन्हा तपासून. पाळ्यांनीच तुम्हाला लवकर नेलं, असं म्हणाले नाही. ते मला ठाऊक नाही. शेवटी कागद बाजूला ठेवला. "माझे वडील रात्रपाळीला होते. ते आळशी नव्हते. गल्ली झोपायची तेव्हा ते काम करायचे." पुढच्याच बाकावर काकूंचा मुलगा होता, आता तोही रात्रपाळी करतो. त्याने विचारलं, "ताई, दार लावलं की आई म्हनती, आजारी हाय का? तिला काय सांगू?"

"सांग, माझी रात्र आहे."

लोक हसले. मीही हसले, आणि माझा आवाज कापला नाही.

काल गावात गेले. काकूंच्या खिडकीला गोधडी, दार बंद आणि काकू स्वतः ओट्यावर राखणीला. मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू गं. त्याची रात्र हाय."

हे शब्द कुणाच्या घरातले, ते त्यांना आठवतं का, हे मी विचारलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं कबूल करते. त्या बंद दारापाशी क्षणभर मला वाटलं, आत तुम्हीच आहात. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता पुढे गेले.