तबकडीचा रंग

७ एप्रिल २०१६, उदगीर

घड्याळ देणार म्हणे! ज्या गावात पंधरा-पंधरा दिवस नळाला थेंब नाही, त्या गावानं मुंबईच्या मंत्रीसाहेबांना घड्याळ द्यायचं ठरवलंय.

आज जिल्हा मागणी समितीची बैठक आमच्या ओसरीवर झाली. नवा अध्यक्ष शिवमूर्ती. फरशीचं दुकान आहे, सगळं काचेचं. माझ्या डोळ्यासमोर शेंबूड पुसत वाढलेलं पोरगं, आता ओसरीच्या सावलीतसुद्धा काळा चष्मा घालून बसतंय. म्हणतो, “अप्पा, पंचवीस वर्षं निवेदनं दिलात. कागदानं काय झालं? साहेबांना घड्याळांचा लई नाद हाय. परदेशी घड्याळ देऊ. साहेब खुश, आपला जिल्हा पक्का!”

अप्पा म्हणजे आमचे मालक, बसवराजअप्पा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, मला अव्वा. मग मीच आतून म्हणलं, “का रे शिवमूर्ती, लातूरचा जिल्हा झाला तेव्हा त्यांनी काय भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं का?”

व्यंकटराव वकील तेवढे हसले. बाकीचे चहाच्या कपात बघत बसले. तो चहा माझ्या पिण्याच्या पाण्याचा — ते कुणाच्या ध्यानात नाही!

९ एप्रिल

शिवमूर्ती मोबाईल घेऊन आला, घड्याळ दाखवायला. हैदराबादच्या दुकानातलं. “अव्वा, बघा तरी!”

बघितलं. चावीचं घड्याळ आहे! सेल नाही, काही नाही, चावी द्यायची. आमच्या लग्नातलं चावीचं घड्याळ मी बोहारणीला दिलं आणि पातेलं घेतलं. तेच आता फिरून आलं, आणि किंमत विचारली तर पोरगं इकडंतिकडं बघतंय! वर मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या. एकाच पोळपाटावर तीन पुऱ्या लाटल्यासारख्या. म्हणलं, “ह्या कशाला?” तर म्हणे किती वेळ गेला ते मोजायला. शर्यतीत मोजतात म्हणे.

साहेब कुठल्या शर्यतीत पळून राहिलेत, ते विचारलं नाही. मालक डोळे वटारून बघत होते.

आता म्हणे तबकडीचा रंग ठरवायचा आहे. काळी, निळी, हिरवी, पांढरी. त्यासाठी वेगळी बैठक!

१० एप्रिल

टँकर आलाच नाही. समितीवाले आले.

१३ एप्रिल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पेपरात फोटो. इंजिनाला हार. पाण्याला हार घालायची वेळ आली, आणि लोक टाळ्या वाजवतात!

मालकांनी तो फोटो खूप वेळ बघितला. म्हणाले, “जिल्हा असला की असं सगळं दारात येतं.” मला कळलं ते कुणाबद्दल बोलतात.

इथं लिहून ठेवते, दुसरीकडं कुठं बोलत नाही. आमची नीलम्मा. एकुलती एक. देगलूरला दिली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अडली. डॉक्टर म्हणाले जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, इथं होणार नाही. जीप केली. लातूरच्या अर्ध्या वाटेत, माझ्या मांडीवरच गेली. बाळ पोटातच. एक्क्याण्णव साल.

तेव्हापासून मालकांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही. जिल्हा जिल्हा करत राहिले. जिल्हा इथं झाला की मोठा दवाखाना इथं होईल, एवढंच डोक्यात. गावाला वाटतं अप्पांना पुढारीपणाची हौस आहे. मी पण चारचौघांत तसंच म्हणते. म्हातारा म्हणून हसले तर हसू देत, कीव तरी करत नाहीत.

साहेब मे महिन्यात दुष्काळ बघायला येणार आहेत. समितीला दहा मिनिटं दिलीत. त्यातली दोन मालकांना बोलायला. शिवमूर्तीनं शब्द दिलाय. मला घड्याळ नको, रंग नको. ती दोन मिनिटं मिळाली की बास.

१५ एप्रिल

काय तो तमाशा! तबकडीवरून!

काळी नको म्हणे. साहेबांना काळे झेंडे दाखवल्यासारखं होईल. आणि शनीचा रंग. (साडेसाती तर आमच्या मागं आहे, साहेबांच्या कुठली!) हिरवी म्हणलं की अर्धे लोक छताकडं बघायला लागले. निळी म्हणलं की सगळे व्यंकटरावांकडं बघायला लागले. काल चौदा तारखेची मिरवणूक होती, गावभर निळे झेंडे अजून तसेच आहेत. कुणी उघड काही बोलेना. नुसतं “तसं नाही, पण...” “आमचं काही नाही हो, लोक काय म्हणतील...” रंगाला पण जात चिकटवून मोकळे झाले हे शहाणे!

शेवटी व्यंकटरावच उठले. “अहो, मी निळी मागतच न्हाई. माझ्याकडं निळा हाय तेवढा बास हाय. पांढरी घ्या आणि सोडा एकदाचं.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पांढरी ठरली. पांढऱ्या तबकडीत काळ्या तीन गोल तबकड्या. त्याला पांडा म्हणतात म्हणे, चिनी अस्वल. डोळ्यांभोवती काजळ फासलेलं. इतकी डोकी, इतके दिवस, आणि ठरलं काय? अस्वल!

जाताना व्यंकटराव स्वयंपाकघराच्या दारात आले. “वहिनी, पाण्याच्या टाकीला कोणता रंग द्यायचा ह्याच्यावर एवढी चर्चा झाली असती तर निदान टाकी तरी झाली असती.” ह्या माणसासाठी चहा करायला मला पाण्याचं काही वाटत नाही.

१९ एप्रिल

मालक भाषणाची तयारी करून राहिले. कुठं? मागच्या अंगणातल्या हौदात तोंड घालून! हौद कोरडा ठणठणीत आहे ना, आवाज घुमतो. म्हणे सभागृहात बोलल्यासारखं वाटतं.

“आदरणीय साहेब! भौगोलिक, ऐतिहासिक व प्रशासकीय दृष्ट्या...”

मी ज्वारी निवडत ऐकत होते. मी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते आमच्या किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता, पेपरच्या रद्दीवर. पुडीवरची बातमी नेहमी अर्धीच असायची, पण अर्धी वाचली तरी माणूस कोण, त्याला झालं काय ते कळायचं. ह्यांचं अख्खं भाषण ऐकून पण कळत नाही कोणाला काय झालंय! म्हणलं, “ह्या तीन शब्दांत माणूस कुठं हाय? साधं बोला की.”

“साहेबांपुढं साधं कसं बोलायचं?”

“का? साहेबांना साधं कळत न्हाई का?”

भामाबाई शेजारून भिंतीवरून बघत होती. तिला म्हणलं, बघ, हौदात पाणी नाही म्हणून भाषण भरून राहिले. पदर तोंडात घालून हसली.

२४ एप्रिल

घड्याळ आलं. डबी एवढी मोठी की मला वाटलं पेढे आणलेत. आमच्या जुन्या दुकानाची तिजोरी घरात आहे म्हणून ठेवायला आमच्याकडंच. रंग ठरवायला बैठका, राखण करायला म्हातारा-म्हातारी.

शिवमूर्तीनं उघडून दाखवलं. बाजूला दोन बटणं. “हे वरचं दाबलं की काटा पळतोय. परत दाबलं की थांबतोय. अन् हे खालचं दाबलं की सगळं परत शून्यावर. बघा अव्वा, झालेलं सगळं पुसून टाकलं!”

“लई सोय हाय,” म्हणलं मी. “साहेब लोकांच्या कामाची.”

“अव्वा, तुमची जीभ लई वाकडी!” म्हणाला, आणि हसला पण. पोरगं मनानं वाईट नाही. अक्कल तेवढी काचेच्या दुकानात ठेवून येतंय.

२५ एप्रिल

मालकांनी भाषणातून “भौगोलिक” काढलं. “ऐतिहासिक” राहिलंय.

२ मे

साहेब येऊन गेले.

मालक सकाळपासून तयार. इस्त्रीचं धोतर, डोक्याला पटका, कपाळाला विभूती. एक हंडा पाणी मी चार दिवसांपासून झाकून ठेवलं होतं, त्यांच्या अंघोळीला. दहाची वेळ होती, साहेब एक वाजता आले. घड्याळांचा नाद असलेला माणूस!

पुढचं व्यंकटरावांनी सांगितलं. मालक काही सांगायच्या अवस्थेत नव्हते.

विश्रामगृहात सगळे उभे. शिवमूर्तीनं शाल घातली, डबी दिली. साहेबांनी डबी तिथंच उघडली. आणि बसले ना! घड्याळ उलटं केलं, मागच्या काचेतून चक्रं बघितली. कानाला लावलं. पी.ए.ला जवळ बोलावलं. हे बटण असं, ते बटण तसं. काटा पळवला, थांबवला, परत पळवला. त्यांच्याकडं कोणकोणती आहेत, कुठून घेतली, ते सगळं. समितीवाले माना डोलवत, जणू जन्मभर हेच वापरत आलेत!

मधेच शिवमूर्ती म्हणाला, “साहेब, आमचे अप्पा दोन मिनिटं बोलतील.”

मालक पुढं झाले. म्हणाले, “आदरणीय साहेब...”

पी.ए. म्हणाला, “साहेब, वेळ झाली. पुढं टँकरचा कार्यक्रम आहे.”

झालं. “आदरणीय साहेब.” पंचवीस वर्षांत एवढंच! निवेदन कुणाच्या तरी हातात गेलं. गाडीत बसताना साहेबांनी शिवमूर्तीच्या खांद्यावर हात ठेवला, डबी परत दिली आणि म्हणाले, “पांढरी माझ्याकडं आहे. निळी मिळते का बघा.”

निळी! व्यंकटराव सांगताना हसायला लागले आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले.

मालकांनी पटका खुंटीला लावला. जेवले नाहीत. मी पण चार शब्द बोलणार होते साहेबांवर, खास ठेवणीतले. बोलले नाही. कुणाला ऐकवायचे?

३ मे

डबी परत आमच्या तिजोरीत. गुरुवारी शिवमूर्ती हैदराबादला जाऊन बदलून आणणार. तोंड एवढंसं करून आला होता. “अप्पा, पुढल्या खेपेला नक्की...” मालक मान हलवून “हाव” म्हणाले.

टँकर आला. भामाबाईनं माझा पण हंडा भरला. म्हणाली, “अव्वा, आज अप्पा हौदात बोलेनात?”

५ मे

काल दुपारी मी तिजोरी उघडली. घड्याळ हातात घेऊन मागच्या अंगणात गेले. मालक हौदाच्या कठड्यावर बसलेले. म्हणलं, “उठा. बोला. मी बटण दाबते. पी.ए. म्हणून कुणी न्हाई इथं.”

“येडी झालीस का?”

“दोन मिनिटं तुमची हाईत. बोला.”

उभे राहिले. मी वरचं बटण दाबलं. “आदरणीय...” म्हणाले आणि थांबले. काटा पळत होता. मग म्हणाले, “माझी मुलगी नीलम्मा.”

पंचवीस वर्षांनी ते नाव घरात आलं. मग सगळं बोलले. जीप, रस्ता, माझी मांडी, दवाखाना इथं असता तर. ऐतिहासिक नाही, प्रशासकीय नाही. झाल्यावर मी वरचं बटण परत दाबलं. मिनिटांचा लहान काटा दोनपर्यंत पोचला पण नव्हता.

आज सकाळी शिवमूर्ती डबी घेऊन गेला. खालचं बटण मी दाबलं नाही.