मनगटावरची रेघ

रविवार, संध्याकाळ

नेऱ्याहून सायकलवर परतले, तर आत्याने मनगटच धरलं. ग्लोव्ह्ज संपतात तिथून वर हात करपलेला, मध्ये ठळक रेघ. "पंधरा दिवसांवर तुझी हळद आली! आता सायकल बंद. उन्हात नाय जायाचं."

सनस्क्रीन तोंडाला फासलं, हातांना विसरले. चूक माझीच. पण त्यासाठी सायकल का बंद? बोलता बोलता आत्याने बांगड्या मागे सारल्या. तिच्या मनगटावरही तशीच रेघ! वर्षानुवर्षं उन्हात बसून मासळी विकतेय.

"उन्हामुळे तू कधी बाजार बंद केलास का?" मी विचारलं.

तिने आपली रेघ अंगठ्याने चोळली. मग हळूच म्हणाली, "ते उन्हाचं मलम मला पण दे."

उद्या सकाळी पुन्हा नेरे. लांब बाह्या, हातांनाही सनस्क्रीन. ही रेघ राहिली तर राहू दे. हळद तिच्यावरूनच लावा म्हणावं.